तिची चाल

टीव्हीवर खून व्हायचा असला की आधी पाऊस पडतो आणि मग सॅक्सोफोन वाजतो. पाऊस नळीने पाडलेला असतो. सॅक्सोफोन चार-पाच वर्षं माझा होता.

मी काही मोठा वादक नाही, आणि हे विनयाने म्हणत नाही. अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं आगरी गाव आहे. तिथे मी राहतो, हायस्कुलात कारकुनी करतो आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवतो. सॅक्सोफोन म्हणताना गावाची जीभ अडखळते, म्हणून त्याला सगळे 'वाकडी सनई' म्हणतात. वाकडी ती सनई की ती वाजवणारा, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. माझं डोकं लवकर फिरतं, हे खरंच आहे. दोन चांगले क्लॅरिनेटवाले मी माझ्या जिभेने बँडमधून घालवले. पण ज्या दिवशी डोकं फिरायला हवं होतं, त्या दिवशी मी शहाण्यासारखा मान डोलावत बसलो.

झालं असं, की नागावच्या एका बागेत मुंबईच्या लोकांचं लग्न होतं आणि आमचा बँड होता. पाहुण्यांत एक गृहस्थ होते, टीव्हीच्या मालिकांना मागचं संगीत देणारे. आम्ही त्यांना पुढे साहेबच म्हणत आलो. जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हिंदीत म्हणाले की तुमची फुंक चांगली आहे, एकदा स्टुडिओत या. त्यांचा जुना सॅक्सोफोनवाला थकला होता, त्याचे पुढचे दात गेले होते. दात गेले की हे वाद्य गेलंच. आठवड्याने मी मांडव्याहून लाँच पकडून त्यांच्या स्टुडिओत गेलो. जाताना इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं होतं गाण्यात वाजवायचं असेल. गाणं नव्हतं, खून होते.

गुन्हेगारीची हिंदी मालिका होती ती. कुठेतरी खरोखर घडलेली घटना घ्यायची, नावं-गावं बदलायची आणि नट-नट्या घेऊन पुन्हा घडवायची. दर आठवड्याला नवा खून, पण संगीत दर आठवड्याला नवीन करत नाहीत. संगीताचे तुकडे आधीच वाजवून ठेवतात आणि लागेल तिथे लावतात. कॉम्प्युटरवर त्या तुकड्यांना साधी नावं दिलेली होती. 'पीछा', 'लाश', 'इन्स्पेक्टर अकेला', 'औरत'. आपण वाजवतोय ते कुणाच्या अंगावर पडणार, हे वाजवणाऱ्याला माहीत नसतं. कुणी विचारतही नाही. मीही विचारलं नाही.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. असल्या संगीताला जॅझ लागतो आणि तो मला येत नाही, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं, तरी त्यांनी हाकललं नाही. चहा मागवला आणि लॅपटॉपवर जुन्या अमेरिकन पिक्चरांचे नि मालिकांचे तुकडे दाखवत शिकवायला बसले. ओला रस्ता, टोपीवाला गुप्तहेर, सिगारेटचा धूर. मोठी चार तारांची गिटार एकेक सूर चालत चालत वाजली की समजायचं, कुणीतरी कुणाच्या पाळतीवर आहे. ट्रम्पेटच्या तोंडावर वाटी धरली की गुप्तहेर एकटा आहे. आणि बाई दारात उभी राहिली की सॅक्सोफोन. ते म्हणाले, गंमत अशी आहे की सगळ्यात जुन्या पिक्चरांत जॅझ फारसा नव्हताच, तिथे व्हायोलिनंच जास्त. जॅझ आणला तो नंतरच्या टीव्हीवरच्या गुप्तहेरांनी. पण आता लोकांना शपथेवर विचारलं तरी ते सांगतील की पहिल्यापासून तोच होता. आपल्या हिंदी पिक्चरांनीही तेच उचललं. हिरॉईनला बासरी आणि स्मगलरच्या अड्ड्यावर बसलेल्या बाईला सॅक्सोफोन.

मी विचारलं, हे वाजवणारे मूळ लोक कोण? ते म्हणाले, गरीब काळे लोक. ते मयतीच्या मिरवणुकीतही वाजवायचे. मग ते खुन्यांच्या आणि असल्या बायकांच्या मागे कुणी लावलं, असं मी विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, "दादा, तुम चाय पियो."

'पीछा' आणि 'लाश' जमले. 'औरत' जमेना. मी तीन-चार फिल्मी चाली लावून पाहिल्या. काचेपलीकडून साहेब मान हलवत होते. मग त्यांनी माइकवरून सांगितलं, "दादा, सूर सही है. थोड़ा गंदा बजाओ." म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. फुंकताना घशातून गुरगुरायचं, म्हणजे सूर खरखरीत होतो. सुरावर सरळ जायचं नाही, खालून घसरत जायचं आणि सोडताना पुन्हा घसरायचं. मध्ये श्वास ऐकू येऊ द्यायचा. हे सगळं मला जमत होतं, पण कशावर करायचं? मला जॅझची एक चाल येत नव्हती. साहेब घड्याळ बघायला लागले होते, मला घाम फुटला होता आणि शर्टाची इस्त्री गेली होती. तेव्हा डोळे मिटल्यावर जे पहिलं आलं ते मी वाजवलं. तो आमच्या गावचा धवला होता.

धवला म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात भटजी असतो तशी धवलारीणही असते. बहुतेक ठिकाणी वयस्क बाई. मांडवातल्या प्रत्येक विधीला ती तिचं गाणं म्हणते आणि बाकीच्या बायका मागून ओढतात. त्याला वाद्य नसतं. हळद झाल्यावर नवरीला न्हाऊ घालतात, तेव्हाचा एक धवला आहे. त्यात धवलारीण सगळ्या देवांना एकेक करून बोलावते, गावदेवीला, खाडीच्या देवाला, वेशीवरच्या देवाला. या आणि माझी लेक बघा, असं म्हणते. चाल चार सुरांची, संथ, शेवटी किंचित खाली उतरणारी. आमच्या गावची धवलारीण माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहते. तिला मी काकी म्हणतो. तिला तो धवला तिच्या सासूकडून आला आणि सासूला तिच्या सासूकडून. मी जन्मल्यापासून तो ऐकतोय.

तो मी गुरगुरत, घसरवत, श्वास टाकत वाजवला. डोळे उघडले तर साहेब काचेपलीकडे उभे राहून दोन्ही अंगठे दाखवत होते. त्यांनी विचारलं, किसका है? मी म्हणालो, ऐसेच, मेरा. हे खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण कौतुक होत असताना माणूस शेजारच्या म्हातारीचं नाव घेत नाही.

तो तुकडा फार चालला. इतका, की मालिकेत नटी नुसती दार उघडून आली तरी तोच लागायचा. मी गावभर सांगत सुटलो. चहाच्या टपरीवर, शाळेत, बँडच्या तालमीत, सगळीकडे. पोरांनी ते मोबाईलच्या रिंगटोनला लावलं. एकदा बायको बाजारातून आली ती चिडूनच. म्हणाली, धक्क्यावर होड्यांतलं मावरं घ्यायला जाणाऱ्या बायका दिसल्या की टवाळ पोरं तुमचं ते वाजवतात, शिट्टीवर. मी म्हणालो, पोरंच ती, करायची. ती म्हणाली, तुम्हाला काय, तुम्ही पुरुष. मला त्याचाही अभिमानच वाटला, हे आज लिहिताना मला माझी लाज वाटते. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, तसं आपण काय वाजवलं हेच मला कळलं नव्हतं.

काकीला एकच मुलगी. डाव्या पायाने थोडी लंगडायची, लहानपणी झाडावरून पडली होती. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून विकायला बसायची. गाडी थांबली की उठून एक पाय ओढत जायची आणि भाव पाडून मागणाऱ्याला तिथल्या तिथे सुनावायची. तिचं लग्न उशिरा झालं. आमच्याच बँडने वाजवलं. नवरा उरण बाजूचा, न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. दिसायला बरा आणि बोलायला गोड. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा तिच्या मनगटावर काळं-निळं होतं. काकीने विचारलं तेव्हा दार लागलं म्हणाली. आम्हा सगळ्यांना ते दिसलं होतं. जावईबापू ओट्यावर बसून चहा पीत होते आणि मी त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो.

दोन वर्षांनी ती गेली. सासरच्या गावाबाहेर, मिठागराच्या बांधाखाली सापडली. मी मयतीला होतो, त्याबद्दल लिहीत नाही. नवऱ्याला धरलं. त्याने सांगितलं की बायकोची चाल चांगली नव्हती, रोज दुपारी मी गाडीवर असताना कुणाशी तरी तास तासभर फोनवर बोलायची, विचारलं की गप्प बसायची. पोलिसांनी फोनची यादी काढली. दुपारचे सगळे फोन एकाच नंबरवर होते आणि तो नंबर काकीचा होता. तरी काकीला तीन वेळा बोलावून तेच विचारलं, पोरीची चाल कशी होती. तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर मी गेलो होतो. पोलीस वाईट बोलले नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं. आईशी रोज तासभर काय बोलायचं असतं, असंही विचारलं. काकी म्हणाली, घरचं. काही महिन्यांनी नवरा जामिनावर सुटला; तेव्हा कोर्टात त्याच्या वकिलानेही पोरीची चालच काढली. खटला अजून उभा राहायचा आहे.

माझा हात थांबायला हवा होता तो तेव्हा. पण मला कसं कळणार होतं? वाजवून तर केव्हाच झालं होतं.

पुढच्या दिवाळीनंतर गावात बातमी आली की त्या मालिकेत आपल्या पोरीची गोष्ट येणार आहे. कुणीतरी जाहिरातीत मिठागर पाहिलं होतं. रविवारी दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा सगळे माझ्या घरी जमले, कारण टीव्ही मोठा आणि मी 'त्यातला'. मी घराला कुलूप लावून कुठेतरी निघून जायला हवं होतं. त्याऐवजी मी सतरंजी अंथरली. काकी येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. शेजारच्या दोघी तिला धरून घेऊन आल्या आणि पुढे बसवलं. ती म्हणाली, पोरीला न्याय मिलतो का ते बगू.

नावं बदललेली होती, गाव 'समुद्रकिनाऱ्यावरचं एक गाव' होतं. नटी गोरीपान होती, पाठीवरून उघडी चोळी घातलेली. ती पहिल्यांदा दिसली ती मागून, मिठागराच्या बांधावरून चालत जाताना, कंबर हलवत. आणि माझा सॅक्सोफोन लागला.

आमची पोरगी एक पाय ओढत चालायची हो. मला ओरडून सांगावंसं वाटलं. सतरंजीवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण कुणी बोललं नाही, कारण सगळे बघत होते. मागून एक जण कौतुकाने म्हणाला, ही वाकडी सनई तुझीच ना रं? दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. मी टीव्हीकडेच बघत राहिलो.

पुढे ते फोनचं आलं. नटी पलंगावर पालथी पडून, पाय वर करून, फोनवर कुजबुजते आहे, मध्येच गुणगुणते आहे. पलीकडे कोण ते दाखवत नाहीत, नुसता पुरुषाचा हात. पुन्हा माझा सॅक्सोफोन. मी मोजलं नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण मोजलं. सात वेळा लागला. शेवटी नवऱ्याला बेड्या घातल्या, गुन्हा तो गुन्हाच असं सूत्रधाराने हात जोडून सांगितलं. पण नवरा ट्रेलरच्या चाकाशी बसून रडला तेव्हा त्याच्यामागे बासरी वाजली. माझ्या घरातल्या दोन बायकांनी डोळे पुसले. त्या त्याच्यासाठी रडत होत्या.

काकी पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत बसली. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिला मी वाजवलंय एवढंच कळलंय की काय वाजवलंय तेही कळलंय, हे मला समजेना. चाल इतकी बिघडवलेली होती की गावात फक्त दोघांनाच ती ओळखू आली असती, तिला आणि मला. त्या दिवसापासून मला एवढ्या एकाच गोष्टीची भीती होती, की तिला कळलं असेल.

गाव बदललं ते हळूहळू. उघड कुणी काही बोललं नाही. टीव्हीवाले उगाच दाखवतात का, एवढंच. विस्तवाशिवाय धूर निघतो का, एवढंच. जिच्या मनगटावरचं काळं-निळं सगळ्यांनी बघितलं होतं, तिच्याबद्दल आता बायका नळावर आवाज बारीक करून बोलू लागल्या. ती कांद्याच्या गिऱ्हाइकांशी हसून बोलायची, हे एकाएकी सगळ्यांना आठवलं.

मी साहेबांना फोन केला. सांगितलं, तो तुकडा काढून टाका. त्यांना आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. पोरगी, आई, धवला. ते खरंच दुःखाने म्हणाले की माझ्या हातात काही नाही, संगीत कंपनीचं झालं, आता तर दुसऱ्या दोन मालिकांतही लावतात. आणि मग समजूत घालायला म्हणाले की दादा, इतकं मनाला लावून घेऊ नका, ते तुमच्या गावाचं कुठे राहिलंय, ते आता जॅझ आहे. मी फोन आपटला. आपटून काय होणार होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

फेब्रुवारीत गावात एक लग्न होतं. पोरगी गेल्यापासून काकी कुठे गायली नव्हती, पण मुलीकडचे जवळचे होते, त्यांनी पाय धरले म्हणून आली. आम्ही बँडवाले मांडवाबाहेर उभे होतो. नवरीला न्हाऊ घालायला बसवलं आणि काकीने धवला सुरू केला. आवाज बसका झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. तिने गावदेवीला हाक मारली आणि पहिली ओळ शेवटी खाली उतरली. तेवढ्यात मांडवाच्या कुडापलीकडून शिट्टी आली. तीच चाल, माझ्यासारखी घसरवलेली. नवरीच्या मैत्रिणी तोंडावर हात घेऊन हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "आजीनं शिरेलीतलं गानं घेतलं."

म्हणजे त्या पोरींना वाटलं की काकीने ती चाल टीव्हीवरून उचलली. तिच्या सासूच्या सासूची चाल. मला साहेबांचं ते बोलणं आठवलं, लोकांना शपथेवर विचारलं तरी सांगतील की पहिल्यापासून तसंच होतं. नवरी खाली मान घालून बसली होती, ओली, हळदीने पिवळी. तिच्या कानात आता काय वाजत असेल ते मला कळलं. काकी थांबली. दुसऱ्या देवाला तिने हाक मारलीच नाही. तांब्या खाली ठेवला, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मांडवातून निघाली. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मी वाद्याची पट्टी नीट करत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. नवरीच्या आईने बँडला खूण केली. मी वाजवलं. काय वाजवलं ते आठवत नाही.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी ती गेली नसती. आता धवले मोबाईलवरून स्पीकरवर लावतात, दुसऱ्या कुठल्या तरी गावचे.

मार्चमध्ये एका दुपारी मी तिच्याकडे गेलो. बायको म्हणाली होती, जाऊ नका, तिला माहीत नसेल तर कशाला जखम उकरता. पण न सांगता जगणं मला जमत नव्हतं. यात तिच्यापेक्षा माझी सोय जास्त होती, हेही मला तेव्हा कळत होतं. काकी ओट्यावर बसून कांद्याच्या वेण्या घालत होती. नजर न उचलता म्हणाली, बस. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. स्टुडिओ, डोळे मिटणं, चाल, आणि 'माझी' म्हणून सांगितलं तेही. बोलून झालं तरी तिचे हात चालूच होते.

"मना पयल्या सुरालाच कललं व्हतं, बाला," ती म्हणाली. "तुज्या घरी बसल्या बसल्या कललं."

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस.

"काय बोलू? पोलिसांनी तिची चाल इचारली. त्याच्या वकिलानं तिची चाल इचारली. तू वाजवून दावलीस."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या पायाशी बघत बसलो. कांद्याची सालं उडून अंगणात जात होती. मग ती आपणहून बोलू लागली. म्हणाली, ते दुपारचे फोन, ती धवलेच शिकत होती. माझ्यामागून आपल्याला गायचंय म्हणायची. सासरी कुणाला आवडायचं नाही, म्हणून नवऱ्याला सांगत नव्हती. मी इकडून एकेक शब्द सांगायची, ती तिकडे पाठ करायची. पोलिसांना सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून मी 'घरचं' एवढंच सांगितलं. न्हाणाचा धवला तिचा अर्धा झाला होता.

मला पलंगावर पालथी पडलेली ती नटी आठवली, गुणगुणणारी, आणि तिच्यामागचा माझा सॅक्सोफोन. रडायचा मला हक्क नव्हता, तरी रडलो. काकीने रडू दिलं. समजूत घातली नाही आणि उठवलंही नाही.

मग मला जे सुचलं ते मी बोललो. खिशातून मोबाईल काढला आणि म्हटलं, काकी, तो धवला मला एकदा गाऊन दे. सबंध, सगळ्या देवांसकट, तू गातेस तसा. मी यात घेतो. तुझ्यामागे गाणारं कुणी नाही, आणि आत्ता तो जिथे म्हणून आहे तिथे 'औरत' या नावाखाली आहे. एकदा तरी सरळ राहू दे कुठेतरी.

तिने हातातली वेणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मोबाईलकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मला वाटलं, गाईल.

"शबुद हवं तर सांगतय," ती म्हणाली. "फोनवर तिलाबी शबुदच सांगायची. चाल मांडवाबाहेर काडत न्हाय."

हे मला माहीत नव्हतं. पन्नाशी उलटली, शेकडो लग्नांत वाजवलं, आणि माहीत नव्हतं. आम्ही पुरुष बाहेर उभे असतो, आत काय पाळतात ते कुणी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी म्हटलं, मांडव घालू मग. खरंच म्हटलं. अपराधी माणूस काहीही बोलतो. म्हटलं, आत्ता घालतो, तुझ्या अंगणात, चार बांबू उभे करतो, वर आंब्याचे टहाळे टाकतो, विधीला लागतं ते सगळं आणतो.

काकीने अंगणाकडे पाहिलं, जणू बांबू कुठे रोवायचे ते बघत होती.

"घाल," ती म्हणाली. "नवरी कुठं हाय?"